कुलाब्याचे आरसे आणि लोहाऱ्याचे ऊन

१८७८ साली मुंबईत एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. 'सोलर हीट : अ सब्स्टिट्यूट फॉर फ्युएल इन ट्रॉपिकल कंट्रीज' हे त्याचे नाव. उष्ण कटिबंधातील देशांत जळणाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल, हा त्याचा विषय. लेखक विल्यम अ‍ॅडम्स हे मुंबई उच्च न्यायालयात डेप्युटी रजिस्ट्रार होते. दाव्यांच्या कागदपत्रांत दिवस घालवणाऱ्या या अधिकाऱ्याने फ्रान्समधील एका प्रयोगाची हकीकत वाचली, त्यातील उणिवा हेरल्या आणि मिडल कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात आरसे मांडून उन्हावर वाफेचे इंजिन चालवून दाखवले. या निबंधाला मुंबईच्या ससून इन्स्टिट्यूटचे सुवर्णपदकही मिळाले.

सौर ऊर्जेची गोष्ट आपल्याकडे सहसा २०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानापासून सांगितली जाते. फार मागे जाणारे १९७३ च्या तेलसंकटापर्यंत पोहोचतात. हरित हायड्रोजनाची गोष्ट तर कालपरवाचीच मानली जाते. वस्तुतः या दोन्ही धाग्यांना दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातील काही गाठी मुंबई, फलटण, पुणे, लातूर अशा आपल्या परिचयाच्या ठिकाणी बसलेल्या आहेत. धाराशिव जिल्ह्यातील लोहाऱ्यासारख्या तालुक्यात, जिथे ऊन उदंड आणि पाणी बेताचे, तिथे हा इतिहास समजून घेणे हा केवळ कुतूहलाचा भाग उरलेला नाही. कारण या उन्हावर आता जमिनीचे करार होत आहेत.

मराठीच्या अध्यापकांनी या विषयाच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर शब्दांत दडलेले आहे आणि त्याकडे आम्ही पुढे येऊच. आधी कुलाब्याला जाऊ.

अ‍ॅडम्स यांच्यासमोर उदाहरण होते ऑग्युस्तँ मूशो यांचे. मूशो हे तूर येथील शाळेत गणित शिकवीत. धातूच्या, आतून चकचकीत केलेल्या शंकूसारख्या आरशाने त्यांनी ऊन एका बॉयलरवर एकवटले आणि त्या वाफेवर इंजिन चालवले. अ‍ॅडम्स यांना यात तीन अडचणी दिसल्या. धातूचा आरसा लवकर काळवंडतो, तो मोठा करावा तितका महाग होतो, आणि सूर्याबरोबर तो अवजड सांगाडा फिरवणे कठीण जाते. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय अगदी साधा होता. एक मोठा वक्र आरसा घडवण्याऐवजी काचेचे लहान, सपाट आरसे एका मोठ्या चौकटीवर बसवायचे, प्रत्येकाचा कोन स्वतंत्रपणे जुळवायचा आणि ती चौकट अर्धवर्तुळाकार रुळावरून सरकवायची. बॉयलर मात्र जागचा हलवायचा नाही. एका मजुराने दिवसातून तीन-चार वेळा चौकट सरकवली की काम भागते, असा त्यांचा हिशेब होता.

सतरा इंच लांब आणि दहा इंच रुंद असे आरसे एकेक करून वाढवत आणि तापमान मोजत त्यांनी ठरवले की, बाराशे अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे साडेसहाशे अंश सेल्सियस, गाठण्यासाठी ७२ आरसे लागतील. त्या झोतात धरलेले लाकूड तत्काळ पेटले. मग अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन त्यांनी पंधरवडाभर दिवसा उन्हावर चालवले. सैन्याचे अधिकारी, न्यायाधीश, सार्वजनिक बांधकाम खात्याचे सचिव, गिरणीमालक अशा प्रतिष्ठितांना बोलावून त्याचे प्रात्यक्षिकही केले. त्यांनी एक अष्टकोनी सूर्यचूलही तयार केली होती. जानेवारीत, म्हणजे मुंबईच्या थंडीत, सात शिपायांचे मांस आणि भाजी तिच्यावर दोन तासांत शिजली.

पुढे काय झाले? काहीच नाही. प्रात्यक्षिकानंतर प्रयोग थांबले. पाहुण्यांनी कौतुक केले, कोळशाला हा पूरक उपाय होऊ शकेल असे मतही दिले. पण कोणत्याही गिरणीने आरसे लावले नाहीत. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांना लागणारा दगडी कोळसा बव्हंशी विलायतेहून जहाजाने येई आणि महाग पडे. अ‍ॅडम्स यांच्या युक्तिवादाचा सारा जोर या महागाईवर होता. रेल्वेचे जाळे पसरत गेले, बंगालचा कोळसा पश्चिमेकडे येऊ लागला आणि तो जोर ओसरला. फ्रान्समध्ये मूशो यांचीही हीच गत झाली. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी सूर्याच्या उष्णतेवर बर्फ तयार करून दाखवला, लोक थक्क झाले. पण कोळसा स्वस्त होताच सरकारचा रस संपला.

मात्र कोळशाच्या भावावर सगळे खापर फोडणे पुरेसे नाही. अ‍ॅडम्स यांच्या आवारात चौकट सरकवणारा तो 'एक मजूर' कोण होता, त्याला कोन जुळवण्याचे गणित कोणी शिकवले होते का, आरसा फुटला तर तो कोणी बसवायचा, यांविषयी हा इतिहास मुका आहे. तो मजूर साहेबांच्या हिशेबात खर्चाची एक बाब म्हणून येतो. ज्ञान साहेबांच्या डोक्यात आणि इंग्रजी पुस्तकात राहिले. साहेबांचा उत्साह संपला तेव्हा ते पुढे न्यायला कोणी उरले नाही. हेही ध्यानात घ्यायला हवे की, १८७६ ते १८७८ ही दख्खनच्या भीषण दुष्काळाची वर्षे. तळपणाऱ्या ज्या सूर्याने कुलाब्यात इंजिन चालवले, त्याच सूर्याखाली सोलापूर आणि त्याच्या शेजारचा निजामाचा मुलूख होरपळत होता. पण त्या मुलखातील विहिरींपर्यंत या इंजिनाची वार्तासुद्धा पोहोचण्याचा मार्ग नव्हता.

आता दुसरा धागा पाहू, हायड्रोजनाचा. योगायोग असा की तोही एका न्यायालयातील माणसापासून सुरू होतो. विल्यम ग्रोव्ह हे वेल्समधील वकील, पुढे न्यायाधीश झाले. १८३९ मध्ये त्यांनी दाखवले की, विजेने पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळतात, तसे हे दोन वायू योग्य रीतीने एकत्र आणले तर उलट वीज मिळते. आजच्या 'फ्युएल सेल'चे हे मूळ. ऊन किंवा वारा असेल तेव्हा वीज निर्माण करावी, तिने पाणी फोडावे, हायड्रोजन साठवावा आणि हवा तेव्हा वापरावा, ही आजच्या 'हरित हायड्रोजन' या शब्दामागची सगळी कल्पना आहे.

ही कल्पना प्रत्यक्षात आणणारा पहिला प्रयोग एका खेड्यातील शिक्षकाने केला. डेन्मार्कमधील आस्कोव येथे प्रौढ शेतकऱ्यांसाठी चालणारे एक लोकविद्यालय होते. तेथील अध्यापक पॉल ला कूर यांनी १८९१ मध्ये पवनचक्कीवर विजेचे प्रयोग सुरू केले. १८९५ पासून सुमारे सात वर्षे त्यांनी वाऱ्याच्या विजेने पाणी फोडून मिळवलेल्या हायड्रोजनावर विद्यालयातील दिवे लावले. अपघातही झाले. वायूत हवा मिसळून स्फोट झाला आणि खिडक्यांची तावदाने उडाली. पुढे त्यांनी हायड्रोजनाचा नाद सोडला. एवढेच घडले असते तर ला कूर यांची कथा अ‍ॅडम्स यांच्याच वळणाने गेली असती.

ती गेली नाही. १९०४ पासून ला कूर यांनी आस्कोवला खेड्यातील वायरमन तयार करण्याचे वर्ग सुरू केले. गावातली तरुण पोरे यायची, वाऱ्यावरची वीज, तारा, बॅटऱ्या, दुरुस्ती हे सगळे शिकायची आणि आपल्या गावी परत जायची. पहिल्याच वर्गातील एक विद्यार्थी योहानेस यूल. पन्नासेक वर्षांनी, १९५७ मध्ये, याच यूल यांनी गेड्सर येथे २०० किलोवॉटची तीन पात्यांची पवनचक्की उभारली आणि आधुनिक डॅनिश पवनचक्क्यांना ती नमुन्यासारखी उपयोगी पडली. आज आपल्या माळरानांवर फिरणारी तीन पात्यांची घडण याच वंशातली आहे. ला कूर यांचे यंत्र टिकले नाही, त्यांचा वर्ग टिकला. कुलाबा आणि आस्कोव यांच्यातला आम्हांला दिसणारा मुख्य फरक हाच.

याच धाग्यात एक नाव भारताशी जोडलेले आहे. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी फेब्रुवारी १९२३ मध्ये केंब्रिज येथे एक व्याख्यान दिले, ते पुढे 'डेडलस' या नावाने प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी भाकीत केले की, चारशे वर्षांनंतर इंग्लंडभर पवनचक्क्यांच्या रांगा असतील, जादा विजेने पाणी फोडून हायड्रोजन द्रवरूपात जमिनीखाली साठवला जाईल. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. भारत सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली ती जानेवारी २०२३ मध्ये. चारशे वर्षांचे भाकीत शंभर वर्षांतच धोरणाच्या पानावर आले.

स्वतंत्र भारताने या दोन्ही धाग्यांना हात घातला, पण सलगपणे धरले नाही. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात सूर्यचूल काढली. ती बाजारात चालली नाही. १९८२ पासून पेटीच्या आकाराचे सोलर कुकर सरकारी अनुदानाने देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात डाळ-भात शिजतो, शेंगा भाजतात. पण भाकरी होत नाही. भाकरीला तापलेला तवा लागतो आणि तव्यावरून ती निखाऱ्यावर जावी लागते. ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात ज्वारी हे मुख्य अन्न, तिथे भाकरी न करता येणाऱ्या चुलीला स्वयंपाकघरात मानाचे स्थान मिळणे अवघडच होते. शिवाय आमच्याकडचा स्वयंपाक पहाटे आणि तिन्हीसांजेला होतो, सूर्य डोक्यावर असताना बाई शेतात असते. हे कळण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, घरात विचारावे लागते.

हायड्रोजनाच्या बाबतीतला आपला इतिहास तर अधिकच विस्मृत आहे. पंजाबातील नांगल येथील खत कारखाना १९६१ च्या सुमारास सुरू झाला. तो भाक्रा धरणाच्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळवीत असे आणि त्यापासून खत तयार करीत असे. १९६२ मध्ये तेथेच देशातील पहिला जड पाण्याचा प्रकल्प उभा राहिला. आजच्या व्याख्येने पाहिले तर तो हरित हायड्रोजनच होता. पण विजेला दुसरीकडून मागणी वाढली, तेल आणि नैसर्गिक वायू यांतून हायड्रोजन काढणे स्वस्त पडू लागले आणि ही वाट मागे पडली. मुंबईतील ट्रॉम्बे किंवा अलिबागजवळील थळ येथील खत कारखाने खनिज इंधनावरच उभे राहिले. स्वस्त कोळशाने अ‍ॅडम्स यांचे जे केले, ते स्वस्त तेलाने आणि वायूने नांगलचे केले.

तेलसंकटानंतर मात्र महाराष्ट्रात काही माणसांनी हा विषय नेटाने धरला. मुंबईच्या आय.आय.टी.त सु. पां. सुखात्मे यांनी सौर उष्णतेवर संशोधन केले. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाठ्यपुस्तकावर देशभरातील अभियंत्यांच्या पिढ्या शिकल्या. सातारा जिल्ह्यातील फलटणला बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये कृषी संशोधन संस्था स्थापन केली होती. तेथे १९८१ मध्ये अमेरिकेतून परतलेले अनिल राजवंशी आले. त्यांनी गोड ज्वारीच्या ताटातल्या रसापासून मिळणाऱ्या अल्कोहोलचे ऊर्ध्वपातन सूर्याच्या उष्णतेवर करण्याचा प्रायोगिक प्रकल्प उभारला. पुढे कंदील, चुली, विजेवरची रिक्षा अशा गोष्टींवर त्यांनी काम केले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संशोधनासाठी पीक कोणते निवडले, हे येथे महत्त्वाचे. ज्वारी कोरडवाहू शेतकऱ्याच्या ओळखीची. तिची कणसे माणसाला, कडबा जनावराला, आणि रस इंधनाला, अशी ती कल्पना होती.

मग २००६ साल. लोहाऱ्यापासून फार दूर नसलेल्या लातूरला महानंद डेअरीत 'अरुण' नावाचा एक मोठा सौर संकेंद्रक बसवण्यात आला. मुंबई आय.आय.टी.चे शिरीष केदारे आणि 'क्लिक' ही मुंबईची कंपनी यांनी तो विकसित केला होता. आरशांचे क्षेत्रफळ १६० चौरस मीटर, आणि काम दुधाच्या पाश्चरीकरणासाठी उष्णता पुरवण्याचे. त्याच्या रचनेत एक गोष्ट लक्ष वेधून घेते. हा थाळीसारखा दिसणारा सांगाडा एका वक्र आरशाचा नाही, लहान लहान सपाट आरसे जुळवून तो केलेला आहे. कारणेही तीच : सपाट काच स्वस्त, सहज मिळणारी, फुटली तर बदलता येणारी. १८७८ मध्ये कुलाब्यात मांडलेला विचार १२८ वर्षांनी बालाघाटच्या पठारावर आला. फरक अर्थातच मोठा आहे. 'अरुण' दोन अक्षांवर आपोआप फिरतो, अ‍ॅडम्स यांची चौकट मजूर ढकलायचा. 'अरुण'मध्ये उष्णता घेणारा भाग थाळीबरोबर फिरतो, अ‍ॅडम्स यांचा बॉयलर स्थिर होता. पण मूळ युक्ती एकच आहे, आणि मधल्या सव्वाशे वर्षांत या भूमीवर ती कोणी जपून ठेवलेली नव्हती. २००९ मध्ये शिर्डीच्या संस्थानात ७३ थाळ्यांची सौर वाफेची यंत्रणा उभी राहिली, हजारो भाविकांचा प्रसाद त्यावर शिजू लागला. तिथे हे शक्य झाले, कारण तिथे दिवसभर शिजवायचे असते आणि यंत्रणेकडे पाहायला पगारी माणसे असतात.

हे आरसे आणि हायड्रोजन यांची गाठ आता एका प्रयोगशाळेत पडत आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत गणपती यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओ.एन.जी.सी.च्या ऊर्जा केंद्राबरोबर तांबे-क्लोरीन चक्रावर काम केले आहे. या पद्धतीत पाणी केवळ विजेने फोडत नाहीत. तांब्याच्या क्लोराइडांच्या काही अभिक्रियांची साखळी उष्णतेवर चालवतात. तांबे आणि क्लोरीन पुन्हा पुन्हा वापरले जातात, आत जाते ते पाणी आणि बाहेर येतात ते हायड्रोजन आणि ऑक्सिजन. या साखळीला लागणारे सर्वांत वरचे तापमान साधारण साडेपाचशे अंश सेल्सियस असते. अ‍ॅडम्स यांनी ७२ आरशांच्या हिशेबाने गाठू पाहिलेले तापमान याहून अधिक होते. तापमान गाठणे आणि रासायनिक कारखाना चालवणे यांत अंतर पुष्कळ आहे, हे खरे. पण आरशांवर एकवटलेले ऊन पाणी फोडण्याच्या कामी येऊ शकते, ही शक्यता हवेतली नाही.

पुण्यात दुसऱ्या दिशेने काम चालले आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसह सी.एस.आय.आर.च्या संस्था आणि 'के.पी.आय.टी.' यांनी मिळून २०२० मध्ये हायड्रोजन फ्युएल सेलवरची मोटार चालवून दाखवली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तशी बस. आघारकर संशोधन संस्थेने शेतातील काडीकचऱ्यापासून हायड्रोजन मिळवण्याची प्रक्रिया विकसित करण्यात भाग घेतला. केंद्राच्या अभियानाची रक्कम १९,७४४ कोटी रुपये आणि २०३० पर्यंतचे लक्ष्य वर्षाला ५० लाख टन. महाराष्ट्र शासनानेही २०२३ मध्ये हरित हायड्रोजन धोरण आणले. पैसा आहे, धोरण आहे, प्रयोगशाळा आहेत. १८७८ च्या मुंबईतही पदक, प्रात्यक्षिक आणि प्रतिष्ठित पाहुणे होते.

आता शब्दांकडे वळू. जुन्या मराठी विज्ञानलेखनात ऑक्सिजनला 'प्राणवायू', नायट्रोजनला 'नत्रवायू' आणि हायड्रोजनला 'उज्जवायू' म्हणत. यांपैकी पहिला शब्द घराघरांत आहे. दवाखान्याने तो जिवंत ठेवला. दुसरा शेतात आहे. अक्षरओळख नसलेला शेतकरीही 'नत्र, स्फुरद, पालाश' म्हणतो आणि कोणत्या पिकाला नत्र कधी द्यायचे ते जाणतो. 'उज्जवायू' मात्र मेला. आता तो कोणी बोलत नाही, शब्दकोशातही शोधावा लागतो. याचे कारण त्या शब्दाच्या कठीणपणात नाही. 'स्फुरद' काही सोपा नव्हे. ज्या वस्तूशी माणसाचा हात लागतो, तिचा शब्द टिकतो. हायड्रोजन नेहमी कारखान्याच्या भिंतीआड राहिला, म्हणून त्याला बोलीत घर मिळाले नाही.

वस्तुतः तो आमच्या शेतात रोज येतो, फक्त नत्राच्या नावाने येतो. युरियाची ४५ किलोची गोणी घ्या. रसायनाच्या साध्या हिशेबाने ती तयार करायला सुमारे साडेचार किलो हायड्रोजन लागतो. तो हवेतील नत्राशी जोडून अमोनिया होतो आणि अमोनियापासून युरिया. आज हा हायड्रोजन जवळजवळ सगळा नैसर्गिक वायूतून येतो आणि त्या वायूचा मोठा भाग परदेशातून. तोच हायड्रोजन उन्हाच्या विजेने पाण्यातून काढायचा म्हटले तर किलोला ५० ते ५५ युनिट वीज लागते. म्हणजे एका गोणीमागे साधारण सव्वादोनशे ते अडीचशे युनिट, एक किलोवॉटच्या सौर पॅनेलची सुमारे दोन महिन्यांची वीज. फुटणारे पाणी चाळीस लिटर, म्हणजे दोन-तीन घागरी. युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो, म्हणून सूर्याच्या अमोनियापासून दुसरी नत्रखते करणे अधिक सोपे पडेल, हा भाग निराळा. पण हा हिशेब समजला की, हायड्रोजन हा बातमीतला शब्द राहत नाही. खताच्या दुकानातल्या रांगेशी त्याचा संबंध दिसू लागतो.

पाण्याबद्दलची भीती मराठवाड्यात स्वाभाविक आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. एक किलो हायड्रोजनासाठी नऊ लिटर पाणी फुटते. शुद्धीकरण आणि थंडावा धरून त्याच्या दुप्पट-तिप्पट लागू शकते. देशाचे ५० लाख टनांचे लक्ष्य धरले तरी प्रत्यक्ष फुटणारे पाणी दीड टीएमसीच्या आसपास भरते. उसाच्या तहानेपुढे हा आकडा लहान आहे. तेव्हा पाण्याचे कारण पुढे करून हा विषय नाकारण्यात अर्थ नाही. पण असा कारखाना कोणत्या धरणाच्या उशाशी बसतो, पिण्याच्या वाट्यातून घेतो की सांडपाणी शुद्ध करून घेतो, हे विचारण्यात मात्र पूर्ण अर्थ आहे. माकणीच्या निम्न तेरणा प्रकल्पाच्या पाण्यावर ज्यांची भिस्त आहे, त्यांनी तर ते विचारलेच पाहिजे.

लोहारा तालुका अठरा अक्षांशाच्या जवळ आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य येथे भर दुपारी नेमका डोक्यावर येतो. वर्षाची सरासरी काढली तर चौरस मीटरभर जागेवर रोज पाच युनिटांहून अधिक ऊन पडते. आजवर या उन्हाचा आमच्याशी आलेला संबंध बहुधा दुष्काळाचा. आता तो बदलू लागला आहे. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती. भाड्याने दिलेल्या जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये मिळण्याची तरतूद तिच्यात आहे. हिचा खरा लाभ शेतकऱ्याच्या भाषेत 'दिवसाची लाईट'. थ्री फेज रात्री येते म्हणून पौषाच्या थंडीत, साप-विंचवांच्या वाटेवरून मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसाला या दोन शब्दांचे मोल विचारावे. येथे साठवणुकीची अडचणही नाही. दिवसा उपसलेले पाणी शेततळ्यात किंवा पिकाच्या मुळाशी साठते. सगळ्या उन्हाचा हायड्रोजन करण्याची गरज नसते; जिथे काम दिवसा करता येते तिथे ते दिवसा करणे हेच शहाणपण.

मग हायड्रोजन कशासाठी? खतासाठी, पोलादासाठी, लांब पल्ल्याच्या वाहनांसाठी, जिथे विजेची तार पुरत नाही तिथे. आणि खताच्या बाबतीत तो शेताजवळ करता येतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील मॉरिस या लहान गावी विद्यापीठाच्या कृषी संशोधन केंद्राने २०१३ मध्ये वाऱ्याच्या विजेवर अमोनिया करणारा छोटा प्रायोगिक कारखाना चालवून दाखवला. भोवती मक्याची शेते, त्यांत उभी पवनचक्की, आणि तिच्या विजेवर त्याच शेतांचे खत. आपल्या कृषी विद्यापीठांनी आणि तंत्रज्ञान संस्थांनी मिळून असा प्रयोग मराठवाड्यात करावा, ही मागणी अवास्तव नाही. रसायन तंत्रज्ञान संस्थेची शाखा २०१८ पासून जालन्यात आहे.

मात्र अशा प्रयोगाचे भवितव्य यंत्रावर अवलंबून राहणार नाही, हे वरच्या इतिहासाने दाखवले आहे. या तालुक्याला बाहेरून येणाऱ्या योजनांचा एक जुना अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीबरोबर सास्तूर उद्ध्वस्त झाले. तेव्हा ते उमरगा तालुक्यात होते, आता लोहारा तालुक्यात आहे. मदत देशभरातून आली, घरे उभी राहिली, ती भूकंपाला टिकतील अशी होती. पण सरळ रस्त्यांच्या, चौकोनी आखणीच्या त्या गावांत बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, शेजारपाजारची बैठक कुठे बसायची, याची जुळणी लोकांना नंतर आपल्या हाताने करावी लागली. आखणी करणाऱ्याने राहणाऱ्याला पुरेसे विचारले नाही की असे होते. सौर प्रकल्पांचे तेच होऊ शकते. जमीन आमची, ऊन आमचे, भाडे ठरलेले. पण इन्व्हर्टर बिघडला तर दुरुस्ती करणारा दुसऱ्या राज्यातून येणार, आणि माहिती कोठल्याशा सर्व्हरवर इंग्रजीत राहणार. अ‍ॅडम्स यांच्या आवारातील मजुराहून आमची जागा मग वेगळी ठरणार नाही.

यावर उपाय आस्कोवच्या लोकविद्यालयात सापडतो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये 'सूर्यमित्र' नावाचा कौशल्यवर्ग सुरू केला. दिशा योग्य होती. पण काही आठवड्यांच्या प्रमाणपत्राने परंपरा घडत नाही. तालुक्याच्या आय.टी.आय.मध्ये आणि महाविद्यालयात हा विषय मराठीतून, प्रत्यक्ष यंत्रावर आणि सातत्याने शिकवला गेला पाहिजे. शेजारच्या सौर वाहिनीचे रोजचे आकडे विद्यार्थ्यांना मिळाले पाहिजेत. कोणता आरसा किती वर्षांत धुरकट झाला, धुळीने पॅनेलची वीज किती घटली, कोणत्या गावात पंप का बंद पडला, याची नोंद येथेच आणि मराठीत ठेवली गेली पाहिजे. जमीन भाड्याने देताना करारात या अटी घालता येतात आणि ग्रामसभांनी त्या घालाव्यात. भाड्याचा दर वाढवून मागण्याइतकीच ही मागणी व्यवहाराची आहे. तीस वर्षांनी कंपनी बदलेल, दर बदलेल, कदाचित एखादे नवे इंधन स्वस्त होईल. तेव्हा येथे शिकलेली माणसे असतील तर काम थांबणार नाही.

भाषेच्या अध्यापकांचा यात वाटा कोणता, याचे उत्तर आता देता येईल. 'उज्जवायू' पुन्हा चालू करावा असा आमचा आग्रह नाही. 'हायड्रोजन' हा शब्द आता मराठीच आहे. पण इलेक्ट्रोलायझर उघडून बसलेला सास्तूरचा किंवा जेवळीचा एखादा मुलगा आपल्या मित्राला 'अमुक ढिले झालंय, तमुक बदल' असे सांगेल, तेव्हा त्या भागांना जी नावे तो देईल, ती टिपून ठेवण्याचे आणि पाठ्यपुस्तकात नेण्याचे काम आमचे आहे. मोटरीच्या, ट्रॅक्टरच्या आणि मोबाइलच्या दुरुस्तीत मराठीने असे कितीतरी शब्द घडवले. ते कोणत्याही परिभाषा समितीने दिलेले नव्हते.